नव्व्याण्णव टक्के हजेरी

शंभर मेंढरांपैकी नव्व्याण्णव जागेवर आहेत, एक नाही. सगळा जन्म शाळेत गेलेल्या माझ्यासारखीला विचाराल तर ही फारच उत्तम हजेरी! आमच्या वेळी अशा वर्गाच्या बाईंना वार्षिक तपासणीत शाबासकी मिळायची. साहेब शेरेबुकात चार चांगल्या ओळी लिहायचे, चहा प्यायचे आणि जायचे. तो शंभरावा कुठे आहे, हे कुणी विचारत नसे. आमच्या केळापूर तालुक्यात तर दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की निम्मा वर्ग बाकावर दिसला तरी नशीब म्हणायचं. मुलं आईबरोबर वावरात. तिथे नव्व्याण्णव टक्के म्हणजे स्वप्नच.

लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला मेंढपाळ मात्र या हजेरीवर समाधानी नाही. तो बाकीची रानात ठेवतो आणि त्या एकामागे जातो. किती वेळ शोधतो? सापडेपर्यंत. सापडल्यावर त्याला काठी मारत आणत नाही, खांद्यावर घेतो, आणि घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. त्याच अध्यायात पाठोपाठ आणखी दोन गोष्टी आहेत. एक, दहा नाण्यांतलं एक हरवलेल्या बाईची. दुसरी, बापाकडून हिस्सा घेऊन परदेशी गेलेल्या धाकट्या मुलाची. ख्रिस्ती घरांत या गोष्टी दूध पिण्याच्या वयापासून ऐकवल्या जातात, इतरांच्याही कुठे ना कुठे कानांवरून गेलेल्या असतील.

मला त्या आत्ता आठवायचं कारण तसं घरगुती आहे. आमच्या मंडळीत (ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगते, चर्चच्या सभासदांच्या समुदायाला आम्ही ‘मंडळी’ म्हणतो, पंगतीशी त्याचा संबंध नाही!) सभासदांची यादी ‘स्वच्छ’ करायचं घाटतं आहे. तीन वर्षं जे उपासनेला आले नाहीत, ज्यांची वर्गणी थकली, ज्यांचा पत्ताच लागत नाही, त्यांची नावं काढून टाकायची. मागणी अगदीच वेडगळ नाही. यादीत नावं भरपूर आणि वार्षिक सभेला खुर्च्या रिकाम्या, मग गणपूर्ती कशी व्हायची? ठराव अडतात, छपराचं काम अडतं. तरुण मुलं वैतागतात, ते मला समजतं.

तरी या ठरावाला माझा विरोध आहे. तो का, हे नीट मांडता यावं म्हणून लिहिते आहे. सभेत बोलायला उठलं की माझं निम्मं सांगायचं राहतं आणि तेवढ्यात कुणीतरी ‘आमेन’ म्हणून विषय संपवतं.

आधी मेंढपाळाचंच घेऊ. आमच्या विदर्भात कच्छकडून आलेले रबारी मेंढ्यांचे मोठमोठे कळप घेऊन फिरतात. उंटावर खाट, खाटेवर भांडी, कोंबड्या आणि लहान मूल, असा सगळा संसार रस्त्याने चाललेला दिसतो. कापूस निघाला की शेतकरी त्यांना वावरात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण रात्रभर कळप बसला की तेवढ्या जमिनीला खत मिळतं. असाच एक कळप गावाबाहेर उतरला होता तेव्हा मी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मुद्दाम विचारलं होतं, की बाबा, एक मेंढी चुकली तर बाकीच्या उघड्यावर टाकून तुम्ही जाल का? आमच्या धर्मपुस्तकात तसं लिहिलं आहे. तो हसला. म्हणाला, बाकीच्यांजवळ माझा भाऊ असतो, बायका असतात, कुत्री असतात. एकटा माणूस कळप नेतच नाही.

इतकी वर्षं मी उपदेशांत ऐकत आले होते की बघा, मेंढपाळाने एकासाठी नव्व्याण्णवांना धोक्यात घातलं, केवढं हे प्रेम! मला ते कधी पटलं नव्हतं. हिशेबाने तो बेजबाबदारपणाच होतो. रबारी बाबांनी एका वाक्यात गाठ सोडवली. मागे राहिलेल्यांना कुणी वाऱ्यावर सोडलेलं नाही, त्यांची सोय आहे. तेव्हा एकाला शोधायला गेलं की बाकीच्यांवर अन्याय होतो, हा युक्तिवाद बाद.

त्याने आणखी एक सांगितलं. चुकलेली मेंढी फार वेळ ओरडत नाही. घाबरली, दमली की कुठेतरी झुडपाच्या आडोशाला बसून राहते, हाक मारली तरी उठत नाही. म्हणून तिला उचलूनच आणावं लागतं. आता पुरी वाढलेली मेंढी तीस-चाळीस किलोची असते. चित्रांत येशूच्या खांद्यावर जे गोंडस पांढरं कोकरू दाखवतात, ते चित्रकाराने सोयीने लहान केलेलं आहे. काट्याकुट्यातून एवढं ओझं उचलून मैलभर चालून बघा म्हणजे कळेल. शोधणं हे अर्धंच काम आहे.

मराठीत आम्ही पास्टरला ‘पाळक’ म्हणतो. पालक, पाळक, मेंढपाळ, सगळे एकाच ‘पाळणे’मधून आलेले. मराठीच्या तासाला मी हे मुलांना शब्द फोडून दाखवत असे. पाळणं म्हणजे सांभाळणं, मोजदाद ठेवणं त्यात आलंच. पण मोजायचं ते कोण कमी आहे हे कळावं म्हणून. कमी असलेल्याचं नाव खोडून बेरीज जुळवायची, ही मोजदाद नव्हे.

मोजदादीवरून आठवलं. २०१९ साली आमच्या टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीतून फिरून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हजार किलोमीटरहून जास्त चालला तो. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, त्यामुळे त्याचा सगळा माग लागत होता. मी ती बातमी वाचून दोन दिवस त्याच विचारात होते. तो भरकटला होता का? नाही. तरुण वाघाला आपलं रान शोधायला बाहेर पडावंच लागतं. आणि त्याच्यावर पाळत होती, ती शास्त्रासाठी होती, चांगलीच होती, पण तो परत यावा म्हणून कुणी वाटेकडे डोळे लावून बसलं नव्हतं. देवाचं आपल्यावर लक्ष असतं असं आपण लहान मुलांना सांगतो, तेव्हा पुष्कळदा हा पट्ट्याचाच अर्थ त्यांच्या डोक्यात जातो. तू कुठे जातोस ते वरून दिसतं, बरं का! ही धमकी झाली. लूकच्या अध्यायात असं वरून बघणं कुठेच नाही. तिथे सगळे पायी फिरतात, दिवा लावून कोपरे झाडतात, नाहीतर रस्त्याकडे बघत बसतात.

शिवाय निघून गेलेला प्रत्येक जण ‘भरकटलेला’ असतो का, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दारू प्यायला लागला, भरकटला. परजातीत लग्न केलं, भरकटली. दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागले, भरकटले. दुबईला गेला आणि रविवारी ओव्हरटाइम करतो, तोही भरकटलेला! कुंपण आपण घालायचं आणि बाहेर कोण ते आपणच ठरवायचं.

मराठी ख्रिस्ती माणसाने तरी हा शब्द जपून वापरावा, कारण आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक हेच मुळात एका काळी आपल्या माणसांच्या लेखी पुरते भरकटलेले होते. उपासनेत आपण ज्यांची पदं गातो, तेच. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहे की हा माणूस ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून घरात ठरत नसे. मनात आलं की निघाले. कुठे जातो, कधी येतो, पत्ता नाही. मागे लक्ष्मीबाई, ज्यांना तेव्हा धड वाचताही येत नव्हतं. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला टिळक राहिले, तिथून नोकरीसाठी राजनांदगावला निघाले. त्या गाडीत एका युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या, त्याने बायबल दिलं आणि वाचायला सांगितलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाला म्हणतात.  गाडीतल्या दोन घटकांच्या सोबतीचा हा परिणाम! आमच्या विदर्भातल्याच रुळांवरची ही गोष्ट, म्हणून मला तिचं जास्त कौतुक.

१० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आणि इथून पुढे पाहा काय झालं. माहेर-सासरच्यांच्या दृष्टीने टिळक बाटले, गेले, संपले. उलट टिळकांच्या दृष्टीने सत्य आपल्याला सापडलं होतं आणि बायको-मुलगा मागे अंधारात राहिले होते. म्हणजे नवरा-बायको दोघंही एकमेकांच्या लेखी चुकलेली! कोणी कोणाला शोधायचं? लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. चार-पाच वर्षं असा दुरावा गेला. त्या काळात बाटलेल्या नवऱ्याचं नाव टाकणं अगदी सोपं होतं, समाजाने टाळ्याच वाजवल्या असत्या. त्यांनी टाकलं नाही. चिडल्या, रडल्या, आजारी पडल्या, पण माझा नवरा मेला असं म्हणाल्या नाहीत. आणि टिळक? ते पत्रं लिहीत राहिले. बोलावत राहिले. बाईंचं सोवळं-ओवळं सांभाळू द्यायला तयार होते, आणि त्या आल्यावर त्यांनी ते सांभाळू दिलंही. माझ्या घरी यायचं तर आधी माझा धर्म घे, अशी अट घातली नाही. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपल्या आपण सोडवला आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तोपर्यंत त्या बायको म्हणून घरातल्याच होत्या, उमेदवार म्हणून नव्हत्या.

मला या हकिकतीत सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. बाप्तिस्मा नंतर झाला, घर आधी उघडलं.

गंमत म्हणजे टिळकांचं भटकणं ख्रिस्ती झाल्यावरही थांबलं नाही. १९१७मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. तेव्हा मिशनमधल्या काहींना म्हातारपणी हे भरकटले असंच वाटलं असणार. ९ मे १९१९ला ते गेले. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. एकेकाळी अक्षर न येणाऱ्या बाईने! पंतोजींच्या भाषेत सांगायचं तर गळती झालेली विद्यार्थिनी शाळेची पहिली आली.

असो. टिळकांवर लिहायला लागले की मला थांबता येत नाही, हे घरच्यांना माहीत आहे.

नाण्याच्या गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही. उपदेशात ती मेंढरू आणि मुलगा यांच्यामध्ये चेपून जाते. मेंढरू निदान चरता चरता गेलं, मुलगा तर सांगून-सवरून गेला. नाण्याचा काय दोष? ते कुणाच्या तरी हातून पडलं. आपण हरवलो आहोत हेही त्याला ठाऊक नाही. आणि शोधणारी बाई आहे! दिवा लावते, घर झाडते, कोनाकोपरा बघते. सारवलेल्या, खिडकी नसलेल्या घरात ज्यांनी काही हरवलेलं शोधलं असेल त्यांना त्या दिव्याचं कारण कळेल. पंडिता रमाबाई मला नेहमी या बाईच्या रूपात दिसतात. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्तिसदनाची सुरुवात तिथून. त्या मुली भरकटलेल्या नव्हत्याच, त्या कुणाच्या तरी हातून सांडल्या होत्या. पुढे समाज ज्यांना ‘पतित’ म्हणे त्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. नाव बघा काय दिलंय. सुधारगृह नाही, कृपासदन.

आता धाकट्या मुलाकडे येते, कारण आमच्या यादीचा खरा संबंध त्याच्याशी आहे. आमच्याकडे आठ-दहा एकरांवरून भावाभावांत काय होतं ते रोज बघतो, त्यामुळे ही गोष्ट पांढरकवड्यात समजावून सांगावी लागत नाही. बाप जिवंत असताना हिस्सा मागणं म्हणजे तुम्ही मेलात असं समजतो, एवढंच म्हणायचं बाकी ठेवणं. बापाने दिला. पोराने उडवला. पुढे दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली, तेव्हा घर आठवलं.

या बापाविषयी दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तो शोधायला जात नाही. मेंढराच्या मागे जातात, नाण्यासाठी घर झाडतात, मुलाच्या मागे मात्र जात नाहीत. का? मला वाटतं, स्वतःच्या इच्छेने गेलेल्या माणसाला खांद्यावर टाकून आणता येत नाही. आणि बाप त्याला पैसेही पाठवत नाही. मनीऑर्डर नाही! ज्यांच्या घरात दारू आहे त्यांना यातलं शहाणपण सांगायला नको. चिकाटीने माया करणं म्हणजे व्यसनाला पैसे पुरवणं नव्हे. जे म्हणतात की अशाने माणसं शेफारतील, त्यांनी ही जागा परत वाचावी.

दुसरी गोष्ट म्हणजे, पोरगं अजून दूर असतानाच बापाला दिसलं. म्हणजे बापाचे डोळे रस्त्यावरच होते. आणि मग तो म्हातारा धावला. गावात वयस्क, जमीनजुमला असलेला माणूस सगळ्यांदेखत धोतर सावरत धावतो, हे आजही शोभणार नाही. पोराने वाटेत भाषण पाठ केलं होतं: मी पापी आहे, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मजूर म्हणून ठेवून घ्या. लक्षात घ्या, सालदार म्हणूनसुद्धा नाही. आपल्याकडे पाडव्याला ठरवलेल्या सालदाराला वर्षभराची तरी निश्चिती असते. हा रोजंदारी मागायला निघाला होता. शाळेत पाठांतर घेणाऱ्या बाईच्या कानाला लगेच कळतं, की बापासमोर हे भाषण पुरं झालेलंच नाही. मजुरीचं वाक्य यायच्या आधीच बाप ओरडतो, अरे कपडे आणा, अंगठी आणा, जोडे आणा. साक्ष नंतर, जेवण आधी.

आणि मग थोरला. सबंध बायबलमध्ये मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आपलेपणा वाटतो, तो हा थोरला. वावरातून दमून आलाय, घरात वाजंत्री चाललीय आणि त्याला कुणी सांगितलेलंसुद्धा नाही. शिवाय वाटणी झालेली आहे हे विसरू नका! धाकट्याचा हिस्सा त्याने केव्हाच फुंकला. उरलं आहे ते सातबाऱ्यावर थोरल्याच्याच नावाने लागणार. म्हणजे कापलं गेलेलं पुष्ट वासरू हिशेबाने याचं होतं. त्याचा राग खोटा नाही. फक्त बोलताना तो ‘भाऊ’ हा शब्द गिळतो, बापाला म्हणतो तुमचा तो मुलगा. बाप उत्तर देताना तो शब्द हळूच त्याच्या हातात परत देतो: तुझा भाऊ. व्याकरणात याला षष्ठी म्हणतात. एवढ्याशा प्रत्ययावर घर मोडतं किंवा टिकतं.

येशूने ही गोष्ट दारुड्यांच्या मेळाव्यात सांगितली नव्हती. अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हा पापी लोकांबरोबर जेवतो, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते. त्यांना सांगितलेली गोष्ट आहे ही. म्हणजे दर रविवारी वेळेवर येणाऱ्यांना, वर्गणी भरणाऱ्यांना, यादीत नाव असलेल्यांना. आम्हाला. आणि थोरला शेवटी आत गेला की अंगणातच उभा राहिला, हे लूक सांगतच नाही.

आता आमच्या यादीतल्या एका नावाबद्दल. खरं नाव लिहीत नाही. आमच्या मंडळीत एक काकू होत्या. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायच्या. त्यांच्या धाकट्याने आपला हिस्सा विकला, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला, दारूला लागला आणि मग पत्र नाही, फोन नाही. काकू दर महिन्याला मंडळीची वर्गणी दोन नावांनी भरायच्या. एक स्वतःच्या, एक त्याच्या. आधी पाच-पाच रुपये, मग दहा-दहा. मी एकदा विचारलं, काकू, तो इथे नाही, त्याची कशाला भरता? म्हणाल्या, “बाई, मले त लिवता येत नाही. पावतीवर त्याचं नाव कोनी तरी लिवते ना. म्हून भरतो.”

नऊ वर्षांनी तो आला. अंगात काही उरलं नव्हतं. खजिनदारांनी वही काढून पाहिली, तर त्याच्याकडे एका पैशाची थकबाकी नव्हती! त्या रविवारी मंडळीत लोकांना आनंद झाला, नाही असं नाही. पण कुणाला तरी वाटलंच, की त्याने पुढे येऊन साक्ष द्यावी. काय काय केलं ते सांगावं, म्हणजे तरुणांना धडा मिळेल. तो उभा राहिला, दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला. थोरला भाऊ तेव्हा बाहेर मोटरसायकल पुसत होता. बराच वेळ पुसत होता. त्याला मी नावं ठेवणार नाही. आईला उमरीच्या मिशन हॉस्पिटलला नेणं-आणणं, औषधं, छप्पर, सगळं त्यानेच केलं होतं.

धाकटा दोन वर्षं राहिला आणि परत गेला. आता कुणी म्हणेल, बघा, म्हणजे व्यर्थच गेलं की. मला तसं वाटत नाही. मेंढपाळाने खांद्यावरून आणलेलं मेंढरू पुन्हा कधीच चुकलं नाही, असं गोष्टीत कुठे लिहिलंय? माझा रबारी बाबा म्हणाला होता की चुकणारी मेंढी तीच ती असते, आम्हाला ती ओळखू येते. विकून का टाकत नाही, असं मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आत्ता लिहिताना वाटतंय.

काकू २०२१मध्ये गेल्या. त्याला कळवता आलं नाही. तेव्हापासून त्याच्या नावाची पावती फाटलेली नाही, उपासनेला तर तो कित्येक वर्षांत आलेला नाही. नव्या नियमाच्या तिन्ही अटी त्याला लागू होतात. काढायच्या नावांत तो आहे.

गणपूर्तीची अडचण खरी आहे, तर तिचा उपाय वेगळा आहे. मतदानासाठी निराळी यादी करा, तिच्यात फक्त नियमित येणाऱ्यांची नावं घ्या, आणि गणपूर्ती त्या यादीवरून मोजा. त्याने छपराचं काम अडणार नाही. मूळ नोंदवहीला मात्र हात लावू नका. ज्याचा बाप्तिस्मा त्या वहीत लिहिला आहे, त्याचं नाव तो परत येईपर्यंत किंवा त्याच्या मरणाची खबर येईपर्यंत तिथे राहू द्या. जागा किती अडते? एक ओळ. आणि नुसती ओळ ठेवूनही भागणार नाही. वर्षातून एकदा, नाताळाच्या आधी म्हणा, त्या नावांपैकी जेवढ्यांचा पत्ता किंवा फोन मिळेल तेवढ्यांना कुणीतरी विचारावं, कसे आहात. उपदेश नको, वर्गणीची आठवण नको. आमच्या तरुण संघातल्या मुलांना मोबाइलवर माणसं शोधून काढणं हातचा मळ आहे, त्यांच्याकडे हे काम द्यावं. त्यांच्यातल्या दोघींशी मी बोलले, त्या तयार आहेत.

पाळकसाहेबांना हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, बाई, लेखी द्या. म्हणून एका कागदावर मुद्दे उतरवले आहेत. अनुमोदक लागतो, तो अजून मिळालेला नाही. काकूंच्या थोरल्याला विचारावं असं मनात आहे. त्याच्या घरी परवा गेले होते, तो वावरातून आला नव्हता. सूनबाईंनी चहा केला. पेटी उघडून त्यांनी काकूंच्या पावत्यांचा गठ्ठा दाखवला, दोन्ही नावांच्या वेगवेगळ्या, दोऱ्याने बांधलेल्या. हे तुम्ही ठेवलंत, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी नाही, यायनं ठेवल्या.”

रविवारी पुन्हा जाणार आहे, उपासनेनंतर.